नोकरदार आईची तीन रकान्यांची वही : कृतज्ञता, कटकटी आणि स्वतःचे संकल्प

ज्यांचे आभार मानावेसे वाटतात अशा लहानसहान गोष्टी, पुन्हा पुन्हा डोके फिरवणाऱ्या कटकटी आणि स्वतःसाठी करायच्या म्हणून वर्षानुवर्षे मागे पडलेल्या गोष्टी या तिन्ही नोकरी करणाऱ्या आईच्या मनात एकाच वेळी चालू असतात. कुकर लावताना, गाडी पकडताना, कार्यालयातल्या बैठकीत बसलेली असताना आणि मुलांचे दप्तर भरताना त्या एकमेकींत मिसळतात, आणि त्यामुळे त्यांतली एकही नीट हाती लागत नाही. त्या कागदावर वेगवेगळ्या मांडल्या, तर प्रत्येकीचे काय करायचे ते दिसू लागते. त्यासाठी एक वही आणि तीन रकाने पुरतात. हे रकाने मात्र एकाच पानावर, शेजारी शेजारी असावेत, असा माझा आग्रह आहे, आणि या लेखातला बराचसा भाग त्या आग्रहाची कारणे सांगण्यात जाणार आहे.

कृतज्ञतेची वही ठेवण्याचा सल्ला आता सर्वत्र मिळतो. त्यामागे चांगले संशोधन आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते : एका गटाने दर आठवड्याला कृतज्ञता वाटणाऱ्या गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने त्रासाच्या आणि तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या. दहा आठवड्यांनंतर पहिला गट अधिक समाधानी आणि आशावादी आढळला, आणि त्याच्या शारीरिक तक्रारीही कमी होत्या. हा निष्कर्ष मला मान्य आहे. पण ते विद्यार्थी होते. संध्याकाळी घरी परतल्यावर दुसरी पाळी सुरू होते अशा आया नव्हत्या. ज्या बाईच्या तक्रारीला खरे कारण आहे तिला केवळ चांगलेच लिहायला सांगितले, तर ती तक्रार नाहीशी होत नाही, फक्त बोलायची राहते. ‘नवरा चांगला आहे, सासूबाई मुलांना सांभाळतात, मग मी कशाला कुरकुर करू?’ हे वाक्य मी अनेक मैत्रिणींच्या तोंडून ऐकले आहे, आणि दर वेळी त्यात कृतज्ञतेचा उपयोग स्वतःला गप्प करण्यासाठी झालेला दिसला आहे. सासूबाईंबद्दल मनापासून आदर असणे आणि रात्री अकरापर्यंत एकटीने ओटा आवरण्याचा कंटाळा येणे ही दोन्ही विधाने एकाच दिवशी खरी असू शकतात. म्हणून ती एकाच पानावर लिहावीत.

वही साधी, एकरेघी आणि पर्समध्ये मावणारी असावी. मोबाइलवर लिहू नये, कारण मोबाइल उघडला की शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप आणि साहेबांचा निरोप हे तिघे आधी समोर येतात. वेळेच्या बाबतीत माझा सल्ला रूढ सल्ल्याच्या उलट आहे. झोपण्यापूर्वी लिहा असे बहुतेक जण सांगतात, परंतु विरजण लावून, कडधान्य भिजत घालून आणि सकाळची भाजी निवडून झाल्यावर जी थकलेली बाई उरते, तिला लिहायला लावणे म्हणजे तिच्यावर आणखी एक काम टाकणे आहे. दिवसात आपोआप मिळणारा थांबा शोधावा : मुलाचा कराटेचा किंवा गाण्याचा वर्ग सुटेपर्यंतची वेळ, डबा खाल्ल्यानंतरची पाच मिनिटे, किंवा बसायला जागा मिळाली तर लोकलचा प्रवास. मुंबईत चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली महिला विशेष लोकल ५ मे १९९२ रोजी धावली. तेव्हापासूनच काय, त्याआधीही, बायकांच्या डब्यात भाजी निवडली गेली आहे, स्वेटर विणले गेले आहेत आणि हळदीकुंकवे झाली आहेत. तिथे चार ओळी लिहिणे मुळीच अवघड नाही. डोंबिवलीला चढून उभ्यानेच प्रवास करावा लागत असेल, तर त्या दिवशी प्रत्येक रकान्यासाठी एकेक शब्द मनात धरून ठेवावा आणि कार्यालयात पोहोचल्यावर लिहावा. पहिला, म्हणजे कृतज्ञतेचा, रकाना रोज भरण्याची गरज नाही. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना लाभ झाला, तर तीनदा लिहिणाऱ्यांना तो तसा झाला नाही. रोजच्या लिहिण्यात सवयीचा कोरडेपणा येतो, हे कारण मला पटण्यासारखे वाटते. कटकटी मात्र घडतील तेव्हाच लिहाव्यात, कारण त्या लवकर विसरल्या जातात आणि मागे नुसती चिडचिड राहते.

कृतज्ञतेच्या रकान्यात ‘कुटुंब’, ‘आरोग्य’, ‘नोकरी’ असे मोठे शब्द लिहू नयेत. ते खरे असतात, पण त्यांतून काहीच कळत नाही. कोणी, केव्हा, काय केले आणि त्यामुळे तुमचा दिवस कसा सोपा झाला, एवढे चार धागे एका वाक्यात यावेत. ‘पाळणाघरातल्या काकूंनी पावसात गाडी अडकल्यावर साडेआठपर्यंत मुलीला थांबवून घेतले आणि तिला वरणभात भरवला’ हे वाक्य पुन्हा वाचताना मन भरून येते. ‘शेजारच्या कुशन शिवणाऱ्या ताईंनी सिलिंडर घेऊन ठेवला’, ‘सहकाऱ्याने मला न विचारता अहवालाची शेवटची दोन पाने पूर्ण केली’, ‘मुलाने स्वतःहून पाण्याच्या बाटल्या भरल्या’ अशा नोंदी महिनाभर साठल्या की एक नकाशाच समोर उभा राहतो : आपली नोकरी प्रत्यक्षात कोणाकोणाच्या हातांवर उभी आहे, याचा.

या नकाशाचे पुढे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे. वहीत लिहिलेली कृतज्ञता त्या माणसापर्यंत पोहोचली पाहिजे. आठवड्यातून एका तरी नोंदीतले माणूस शोधावे आणि नेमके वाक्य त्याला ऐकवावे. ‘काकू, तुम्ही सहाला येऊन पोळ्या करता म्हणून मला सात बत्तीसची गाडी मिळते,’ असे म्हणायला अर्धे मिनिट लागते. परंतु जिच्या श्रमावर आपला पगार उभा आहे तिच्या बाबतीत केवळ शब्द अपुरे आहेत, असे मला ठामपणे वाटते. पोळ्या करणारी, भांडी घासणारी, मूल सांभाळणारी बाई बहुतेक वेळा स्वतःही नोकरदार आईच असते. तिच्याही घरी मुलांचे डबे असतात, परीक्षा असतात, आजारपणे असतात. तिची वही असती तर तिच्या दुसऱ्या रकान्यात आपले नाव असण्याची शक्यता पुष्कळ आहे : न सांगता आलेले पाहुणे आणि वाढलेल्या पोळ्या, रविवारीही न मिळालेली सुट्टी, पाच तारखेवरून दहा तारखेवर गेलेला पगार, ती आजारी पडल्यावर कापलेले पैसे. त्यामुळे पहिल्या रकान्यात एखादे नाव वारंवार येऊ लागले, की त्याचे रूपांतर ठरलेल्या साप्ताहिक सुट्टीत, वर्षाच्या ठरावीक पगारवाढीत, दिवाळीच्या बोनसात आणि आजारपणातल्या भरपगारी रजेत करावे. पैशाची ओढाताण असेल तर निदान सुट्टी आणि पगाराची तारीख पाळावी. त्याला खर्च येत नाही.

आता दुसरा रकाना. इथे लाज बाळगू नये आणि भाषा सौम्य करू नये, कारण हे पान दुसऱ्या कोणासाठी नाही. एकच नियम : माणसाच्या स्वभावाविषयी लिहू नये, घडलेल्या गोष्टीविषयी लिहावे. ‘हे बेजबाबदार आहेत’ या वाक्याचे काही करता येत नाही. ‘गुरुवारी पालकसभा होती हे त्यांना माहीत नव्हते, म्हणून मला अर्धी रजा टाकावी लागली’ या वाक्याचे करता येते. रविवारी, चहा झाल्यावर, आठवड्याच्या कटकटी एकदा वाचाव्यात आणि एकापेक्षा अधिक वेळा आलेल्या अधोरेखित कराव्यात. एकदाच आलेल्या कटकटीवर वेळ घालवू नये. अधोरेखित झालेल्या प्रत्येकीला विचारावे : ही कोणाला तरी सांगून सुटेल का, घरची व्यवस्था बदलून सुटेल का, की तूर्त बाजूला ठेवावी?

बहुसंख्य कटकटी व्यवस्थेच्या असतात. ‘उद्या भाजी कोणती?’ हा रोज रात्रीचा प्रश्न घ्या. भाजी करण्यापेक्षा ती ठरवण्याचा शीण मोठा असतो, कारण फ्रिजमध्ये काय आहे, कोणाला काय चालत नाही, डब्यात कशाला पाणी सुटते हे सगळे एकाच डोक्यात ठेवावे लागते. यावर उपाय म्हणजे शनिवारी सहा दिवसांच्या भाज्या ठरवून यादी फ्रिजवर लावणे, आणि ही यादी करण्याचे काम आईने स्वतःकडे न ठेवणे. एका आठवड्यात नवऱ्याने, पुढच्यात मोठ्या मुलीने ठरवावे. यादीत बटाटा तीनदा आला तरी बदलू नये. रात्री नऊ वाजता शाळेच्या ग्रुपवर ‘उद्या चार्ट पेपर आणि घोटीव कागद आणावेत’ असा निरोप येणे ही दुसरी सार्वत्रिक कटकट आहे. घरात एक खोके करून त्यात चार्ट पेपर, रंगीत कागद, डिंक, स्केचपेन, पारपत्राच्या आकाराचे फोटो आणि खाकी कव्हर भरून ठेवल्यास अशा निरोपांपैकी बरेच निकालात निघतात. शिवाय पालकसभेत चारपाच पालकांनी मिळून, आदल्या रात्रीऐवजी दोन दिवस आधी कळवावे, अशी विनंती करावी. एकट्या आईने बोलल्यास तिची अडचण वाटते. पाच जणांनी बोलल्यास ती व्यवस्थेची अडचण ठरते.

मुलाला शाळेत ताप आला की फोन आईलाच येतो, मग ती बाबांपेक्षा दुप्पट अंतरावर का असेना. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लावण्याचा निर्णय झाला आहे आणि तो मला मनापासून स्वागतार्ह वाटतो, पण नाव आधी आले म्हणून प्रत्येक फोनही आधी तिलाच यावा असे नाही. शाळेच्या अर्जात पहिला संपर्क क्रमांक कोणाचा द्यायचा, हे नवरा-बायकोने बसून ठरवावे, आणि जो दिवसा शाळेच्या जवळ असतो त्याचा द्यावा. एवढ्या एका बदलाने वर्षभराचा मोठा ताण कमी होऊ शकतो.

सांगून सुटणाऱ्या कटकटी निराळ्या आणि अधिक अवघड असतात. घरकामाच्या विभागणीबद्दल बोलताना अनेक जणींना आपणच कमी पडतो असे वाटत राहते, म्हणून एक आकडा जवळ असू द्यावा. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, भारतात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे; मुलांची आणि आजारी माणसांची काळजी घेण्याचा वेळ यात धरलेला नाही. हा आकडा भांडणात फेकण्यासाठी वापरू नये. आपली दमणूक हा आपल्या नियोजनाचा दोष नाही, हे स्वतःला पटवण्यासाठी तो आहे. बोलताना संपूर्ण काम द्यावे, कामाचा तुकडा देऊ नये. ‘जरा मदत कर ना’ याऐवजी, ‘सोमवारपासून शाळेचा ग्रुप तू बघ. उद्या काय न्यायचंय ते वाचायचं आणि दप्तरात भरायचं, दोन्ही तुझ्याकडे,’ असे म्हणावे. आणि दिलेले काम त्यांच्या पद्धतीने होऊ द्यावे. सासूबाईंशी बोलायचे असेल तर आधी पहिल्या रकान्यातले वाक्य सांगावे, मग दुसऱ्या रकान्यातले : ‘आई, तुम्ही दुपारी दोघांना जेवू घालता म्हणून मी निश्चिंत असते. फक्त मी घरात शिरल्याबरोबर त्यांच्या तक्रारी नका सांगू, मला अर्धा तास द्या.’ दोन्ही वाक्ये खरी असल्यामुळे पहिले वाक्य गोडगोड वाटत नाही. हा दोन रकाने शेजारी ठेवण्याचा सर्वांत मोठा फायदा मला वाटतो.

कार्यालयातल्या कटकटींत हक्काच्या आणि सौजन्याच्या अशा दोन जाती वेगळ्या कराव्यात. सहा वाजता ठेवलेली बैठक, साडेसहाला निघताना ऐकू येणारा टोमणा, या सौजन्याच्या गोष्टी आहेत. त्यांबाबत वरिष्ठांना लेखी, थोडक्यात आणि पर्यायासह कळवावे, म्हणजे ‘आठवड्याची आढावा बैठक साडेचारला घेतल्यास मी पूर्ण वेळ उपस्थित राहू शकेन’ अशा स्वरूपात. परंतु मातृत्व रजा ही कोणाची मेहेरबानी नव्हे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा मिळाली. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सुट्टी देण्याची तरतूद तर आधीपासूनच आहे. यांपैकी काही नाकारले जात असेल, तर ती नोंद कटकटींच्या रकान्यात न ठेवता तारीख-वारासह वेगळ्या कागदावर घ्यावी आणि मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावे.

ज्या कटकटी ना सांगून सुटतात ना व्यवस्थेने, त्या पुष्कळ नसतात. नातेवाइकांचे ‘मुलं बिचारी एकटी असतात’ हे वाक्य त्यांतले. अशा नोंदीपुढे फुली मारावी आणि पुढे जावे.

संकल्पांच्या रकान्यात सर्वांत मोठी गडबड होते, कारण आईने लिहिलेले बहुतेक संकल्प मुलांचे असतात. ‘मुलीला स्कॉलरशिपला बसवणे’, ‘मुलाचे अक्षर सुधारणे’, ‘घराला रंग देणे’ हे आवश्यक असेल, पण ते या रकान्यातले नाही. मुले मोठी होऊन आपापल्या मार्गाला लागली, तरीही जी गोष्ट मला हवीच असेल, तीच इथे लिहावी. सुचत नसेल तर दुसरा रकाना पुन्हा वाचावा. जी चीड वारंवार येते तिच्या तळाशी बऱ्याचदा एखादी इच्छा असते. बढतीच्या यादीत पुन्हा नाव आले नाही याची चीड असेल, तर अर्धवट राहिलेली पदवी किंवा एखादा अभ्यासक्रम पूर्ण करणे हा संकल्प असू शकतो. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांना घरी राहून शिकण्याची वाट उपलब्ध करून देत आले आहे. घरातले पैशाचे निर्णय आपल्याला नंतर कळतात याची चीड असेल, तर स्वतःच्या नावावर सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते काढावे. वर्षाला किमान ५०० रुपये भरून ते चालू ठेवता येते, आणि पंधरा वर्षांची मुदत असल्यामुळे मध्येच कोणाच्या गरजेपायी ते सहज रिकामे होत नाही. जिना चढताना दम लागतो अशी नोंद पुन्हा पुन्हा आली, तर व्यायामाचा संकल्प करण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल, तर डॉक्टरांना भेटणे हाच त्या तिमाहीचा संकल्प धरावा.

एका वेळी एकच संकल्प ठेवावा आणि तो ‘केव्हा’ आणि ‘कुठे’ यांसह लिहावा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली मांडलेला मुद्दा इथे उपयोगी पडतो : ‘अमुक प्रसंग आला की मी तमुक करीन’ असे आधीच बांधून ठेवलेले ठरवणे नुसत्या इच्छेपेक्षा अधिक वेळा तडीस जाते. ‘रोज चालायचे’ याऐवजी ‘संध्याकाळी स्टेशनवर उतरल्यावर रिक्षा न करता चालत घरी यायचे’ असे लिहावे. पेटी पुन्हा शिकायची असेल, तर ‘बुधवारी मुलांचे बाबा जेवण वाढतील, तेव्हा आठ ते पावणेनऊ मी आतल्या खोलीत पेटीवर बसेन’ असे लिहावे आणि ते घरातल्या सर्वांना वाचून दाखवावे. ही वेळ कुठून आली, कोणी मोकळी करून दिली, हेही शेजारी नोंदवावे, म्हणजे पुढच्या रविवारी पहिल्या रकान्यात काय लिहायचे तेही सापडते.

काही महिने असे येतात, की कृतज्ञतेचा रकाना रिकामा राहतो आणि कटकटींचा भरून वाहतो. घरात आजारपण किंवा परीक्षा असेल, तर हे स्वाभाविक आहे. पण तसे कारण नसताना दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटेनासा झाला, झोप उडाली, किंवा मुलांजवळ असतानाही मन कुठेच लागेना, तर वहीवर विसंबून राहू नये. मानसिक आरोग्यासाठी दूरध्वनीवरून मदत करणाऱ्या, केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते. बाळंतपणानंतरच्या वर्षात तर याबाबत मुळीच थांबू नये.

संकल्प कधी ठरवावेत, याबद्दल शेवटी थोडेसे. १ जानेवारी किंवा गुढीपाडवा हे मुहूर्त चांगले असले, तरी आईचे वर्ष शाळेबरोबर सुरू होते. विदर्भ वगळता महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आणि तो पंधरवडा गणवेश, कव्हरे, रेनकोट आणि नव्या वेळापत्रकात जातो. त्या दिवसांत नवा संकल्प धरू नये. फक्त कटकटींचा रकाना नेमाने लिहावा, कारण वर्षभर छळणाऱ्या बहुतेक गोष्टी याच दिवसांत प्रथम दिसतात आणि शाळा, रिक्षाकाका, शिकवणी यांच्याशी त्या तेव्हाच बोलून घेता येतात. जुलैत घडी बसली, की गेल्या वर्षीची वही काढावी, तिसऱ्या रकान्यात अर्धवट राहिलेले वाचावे, आणि अजूनही हवेसे वाटते तेवढेच नव्या पानावर उतरवावे.